कमी उंचीच्या स्पोर्ट्स कारचे हेडलाइट: आधी फोकस लावायचा की बल्ब बदलायचे?

दोन_सीटर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे नव्वदच्या दशकातली दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी आहे. हेडलाइट बॉनेटमधून वर उघडणारे, सात इंची गोल, आत एच-४ बल्ब (एकाच बल्बात दोन फिलामेंट असलेला हॅलोजन). मध्यंतरी स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर बदलून घेतले. पुढून गाडी ४० मिलिमीटर खाली बसली, मागून २५. वळणावर आता ती इतकी छान बसते की मुद्दाम लांबचा रस्ता धरावासा वाटतो.

पण रात्री चालवणं नकोसं झालंय. डिपरवर (खाली झुकलेल्या झोतावर) गाडीच्या नाकापुढे लख्ख उजेड पडतो आणि त्याच्या पुढे एकदम काळोख. अपर मारला की झाडांचे शेंडेसुद्धा दिसतात, पण समोरून कोणी आलं की डिपरवर यावंच लागतं आणि तेवढ्यात वळण आलं तर अंदाजाने चालवायचं.

एलईडी बल्ब टाकू का? की प्रोजेक्टरवाले (भिंगातून झोत टाकणारे) नवे दिवेच बसवू? आणि फोकस, म्हणजे झोताचा कोन, घरी लावता येतो का? ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निशाचर

मी एलईडी टाकले आहेत. होल्डरमध्ये सरळ बसतात, अर्ध्या तासाचं काम. उजेड पांढराशुभ्र, रस्ता दिवसासारखा दिसतो. जास्त विचार करू नका, टाकून मोकळे व्हा.

उभी_रेघ

@दोन_सीटर, बल्बला हात लावण्याआधी थोडं गणित करू, कारण तुमच्या लक्षणांवरून बल्बचा दोष कमी आणि कोनाचा जास्त वाटतोय.

डिपरचा झोत मुळातच खाली झुकवलेला असतो. साधारण १ टक्का, म्हणजे १० मीटर पुढे गेल्यावर झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली. तुमच्यासारख्या गाडीत दिव्याचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर धरला, तर ही कड ६० मीटरवर जमिनीला टेकते. उंच एसयूव्हीचा दिवा ९० सेंटिमीटरवर असतो, तेव्हा त्याच कोनात त्याला ९० मीटर मिळतात. ठेंगण्या गाडीला जन्मतःच ही अडचण आहे. म्हणून तिच्या बाबतीत कोनाची किंचितशी चूकही महाग पडते.

आता तुमचं सस्पेन्शन. पुढचा भाग मागच्यापेक्षा १५ मिलिमीटर जास्त खाली गेला. अशा छोट्या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर २.३ मीटरच्या आसपास असतं. १५ ला २३०० ने भागा: सुमारे ०.६५ टक्के. म्हणजे १ टक्क्याचा कोन १.६५ झाला. दिव्याची उंचीही ६० वरून ५६ वर आली. ५६ सेंटिमीटर उंची आणि १.६५ टक्के उतार म्हणजे झोत ३४ मीटरवर संपतो.

६० चे ३४ झाले. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. आधी तुम्हाला पावणेतीन सेकंदांचा रस्ता दिसत होता, आता दीड सेकंदाचा दिसतो. नाकापुढचा तो लख्ख उजेडही याचाच. सगळा झोत तिथे ओतला जातोय, आणि जवळचा रस्ता इतका उजळला की डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचं आणखीच दिसेनासं होतं.

या स्थितीत कितीही जोरकस बल्ब घातला तरी तो ३४ मीटरच्या आतलाच डांबर उजळणार. आधी फोकस लावा.

दोन_सीटर

हे गणित वाचून थक्क झालो. एवढ्याशा १५ मिलिमीटरने इतका फरक पडेल असं वाटलंच नव्हतं. आता फोकस कसा लावायचा तेही सांगाच.

उभी_रेघ

सांगतो. सपाट जमीन आणि तिच्याशी काटकोनात उभी भिंत हवी. जमीन सपाट नसेल तर बाकी सगळी मेहनत फुकट, तेव्हा डोळ्यांवर भरवसा न ठेवता लेव्हल ट्यूबने बघा.

टायरमध्ये हवा नेमकी भरा. टाकी साधारण अर्धी. डिकीत जे नेहमी असतं तेवढंच सामान. ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसवा, नाहीतर तेवढ्या वजनाची पोती ठेवा. तुमची गाडी साधारण टनभराची असेल, तिच्यात एका माणसाच्या वजनानेही नाक वरखाली होतं. मग पुढून-मागून गाडी दाबून सोडा म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतील. डॅशबोर्डवर दिव्यांची उंची बदलणारं चाक असेल तर ते शून्यावर ठेवा.

गाडी भिंतीला अगदी चिकटवून उभी करा. दोन्ही दिव्यांचे मध्य आणि गाडीचा मध्य भिंतीवर चिकटपट्टीने खुणावून घ्या. मग सरळ मागे या, १० मीटर. जागा नसेल तर ५ मीटर चालेल, पण चूकही भिंतीवर अर्धीच दिसते, त्यामुळे रेघ जास्त काळजीने बघावी लागते. दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर एक आडवी पट्टी लावा आणि तिच्या खाली दुसरी: १० मीटरवर १० सेंटिमीटर, ५ मीटरवर ५ सेंटिमीटर.

एका वेळी एकच दिवा. दुसऱ्यासमोर पुठ्ठा उभा करा, काचेला टेकवू नका, कारण एच-४ ची काच चांगलीच तापते. डिपर लावा. भिंतीवर उजेड आणि अंधार यांच्यामधली कड दिसेल. जिथे डाव्या बाजूने गाड्या चालतात तिथल्या दिव्यात ही कड उजव्या अर्ध्यात आडवी असते आणि मध्यापासून डावीकडे सुमारे १५ अंशांनी वर चढते, म्हणजे आपल्या बाजूची कडा आणि पायी चालणारी माणसं दिसावीत. आडवा भाग खालच्या पट्टीवर यायला हवा आणि ती वर वळण्याची जागा दिव्याच्या मध्याच्या उभ्या खुणेवर.

तुमच्या प्रकारच्या गाडीत दिव्याभोवतीची प्लास्टिकची कड काढली की दोन स्क्रू दिसतील, एक वर किंवा खाली, एक बाजूला. पहिला झोत वरखाली करतो, दुसरा डावीउजवीकडे. इतक्या वर्षांच्या गाडीत ते गंजलेले असतात. आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. आतल्या प्लास्टिकच्या नटाचा आटा एकदा गेला की दिवा हलत राहतो. आणि शेवटचा फेरा नेहमी आवळण्याच्या दिशेने द्या. झोत जास्त वर गेला तर थोडा खाली आणून पुन्हा आवळत आवळत जागेवर आणा, म्हणजे स्क्रूमधली ढिलाई निघून जाते आणि पहिल्याच खड्ड्यात फोकस सरकत नाही.

पॉपअप_प्रेमी

उघडणाऱ्या दिव्यांची एक गोष्ट वर राहून गेली. फोकस लावण्याआधी दिवा पूर्ण वर येतोय का ते बघा. दिवा वर आल्यावर पितळी किंवा लोखंडी अटकावाच्या बोल्टवर टेकतो. तो बोल्ट झिजला किंवा कोणी फिरवला असेल तर दिवा नेमक्या जागी थांबत नाही. वर आलेला दिवा दोन्ही हातांनी धरून हलकेच हलवा. खडखड झाली तर दांड्याच्या टोकाचे बुश गेलेत. ते बदलल्याशिवाय फोकस लावून उपयोग नाही, भिंतीवर रेघ बरोबर येईल आणि रस्त्यावर झोत थरथरत राहील.

हे सगळं करताना मोटर सारखी चालवू नका. बहुतेक गाड्यांत मोटरवर रबरी टोपणाखाली हाताने फिरवायची मूठ असते. आधी फ्यूज काढा, मग हात घाला. ते झाकण बोट तोडण्याइतक्या जोरात मिटतं.

हे दिवे मला मनापासून आवडतात म्हणून थोडं विषयांतर. लपणारे दिवे १९३६ च्या कॉर्ड ८१० वर आले, तेव्हा ते डॅशबोर्डवरची मूठ फिरवून उघडायचे. १९६२ च्या लोटस एलानमध्ये ते व्हॅक्यूमवर चालायचे. नाक ठेंगणं ठेवायचं आणि दिवा मात्र कायद्याने ठरवलेल्या उंचीवर हवा, या पेचातून ही सुंदर युक्ती निघाली. २००४ मध्ये कॉर्व्हेट सी५ आणि लोटस एस्प्री दोन्ही बंद झाल्या आणि मोठ्या उत्पादनातून हे दिवे गेले.

तांबडी_तार

फोकसबद्दल सगळं मान्य. आता विजेचं बघू, कारण जुन्या गाडीत बल्बपर्यंत वीज पोचतच नाही.

इंजिन चालू ठेवा, डिपर लावा, मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा आणि मग बल्बच्या कप्लरच्या (वायर जोडणाऱ्या प्लगच्या) मागून, दिवा पेटलेला असतानाच. दिवा काढून मोजाल तर आकडा बरोबरच येईल आणि काहीच कळणार नाही, कारण करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पडतही नाही. मी पाहिलेल्या अशाच एका गाडीत बॅटरीवर १४ व्होल्ट होते आणि बल्बवर १२.१. कप्लर उपसला तर आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन तडकलेलं, एका पिनेवर काजळी, आणि अर्थिंगची रिंग बॉडीला जिथे बोल्टने आवळली होती तिथे हिरवट पूड.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. एच-४ चं माप १३.२ व्होल्टला काढतात: डिपरला सुमारे १००० ल्युमेन (उजेडाचं एकक), अपरला १६५०. त्याला १२.१ च मिळाले तर जवळपास चौथा हिस्सा उजेड गेला. तोच बल्ब १३.६ व्होल्टवर आणला तर १२.१ च्या मानाने दीडपट उजेड मिळतो. तोच बल्ब, तीच काच!

कारण सोपं आहे. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. लांब बारीक वायर, झिजलेले संपर्क. रिले लावले की स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बची वीज बॅटरीतून थेट, जाड वायरने येते. स्विचचंही आयुष्य वाढतं.

एक किंमत मोजावी लागते. व्होल्टेज ५ टक्के वाढलं की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. माझ्या मते हा सौदा परवडतो, फक्त एक जास्तीचा बल्ब गाडीत ठेवा.

निशाचर

रिले, मल्टिमीटर, पोती... एलईडीत यातलं काही लागत नाही. करंट कमी घेतात, व्होल्टेज पडलं तरी उजेड तोच राहतो. मला तरी फरक स्पष्ट दिसला.

उभी_रेघ

@निशाचर, व्होल्टेजचा मुद्दा तुमचा अगदी खरा. पण दिवा म्हणजे बल्ब आणि रिफ्लेक्टर (बल्बमागचा चकचकीत वाडगा) यांची जोडी. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि भिंतीवर ती स्वच्छ कड उमटते. फिलामेंट कुठे आहे, किती लांब आहे, वाटीची कड कुठे आहे, हे सगळं मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेलं. रिफ्लेक्टरचा आकार त्याच हिशेबाने काढलेला.

एलईडी बल्बमध्ये त्या जागी चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. पट्टी जाड असेल तर उजेडाच्या दोन जागा झाल्या आणि दोन्ही केंद्रापासून सरकलेल्या. चांगल्या बल्बमध्ये पट्टी खूप पातळ असते आणि चिप फिलामेंटच्या जागी आणलेल्या असतात, तेव्हा कड बरी येते. साध्या बल्बमध्ये कड विरघळते, थोडा उजेड वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. चालवणाऱ्याला वाटतं उजेड वाढला, कारण जवळचा रस्ता आणि पाट्या चमकतात. लांबवर पडणारा झोत मात्र कमी झालेला असू शकतो. तुमच्या दिव्यात कसं आहे ते भिंतीवर एका बाजूला जुना हॅलोजन आणि दुसऱ्या बाजूला एलईडी लावून बघा, दोन मिनिटांत कळेल.

चिप डावी-उजवीकडे तोंड करून, म्हणजे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या रेषेत हव्यात. बऱ्याच बल्बांत कॉलर (बल्ब होल्डरमध्ये बसवायची कडी) फिरवून हे जुळवता येतं.

आणि बल्ब रस्त्यावर वापरायला मान्य आहे का ते आपापल्या देशाच्या नियमात बघा. जर्मनीत २०२० पासून ठरावीक गाड्यांसाठी ठरावीक एलईडी बल्बांना मान्यता मिळाली, तीही गाडीच्या मॉडेलनुसार. कारण हेच: जोडी तपासल्याशिवाय बल्बची हमी देता येत नाही.

निशाचर

भिंतीवर बघितलं. खरं सांगायचं तर हॅलोजनची कड सुरीने कापल्यासारखी आहे, एलईडीची वर धूसर होते. कॉलर फिरवल्यावर सुधारली, पण तितकी नाही. तरी शहरातल्या उजेडात मला एलईडीच बरे वाटतात. उघड्या रस्त्यावर जास्त जात असतो तर हॅलोजनवर परत गेलो असतो.

काचकाम

झेनॉनचा विषय कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉनची नळी घालू नका. ३५ वॅटची डी२एस नळी सुमारे ३२०० ल्युमेन देते, म्हणजे एच-४ डिपरच्या तिप्पट, आणि तो सगळा उजेड चुकीच्या आकारात उधळतो. युरोपीय नियमांत २००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला आपोआप उंची साधणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा बंधनकारक आहे, तो उगाच नाही. झेनॉन हवंच असेल तर त्यासाठी बनवलेला प्रोजेक्टर घ्या.

दिव्याच्या काचेवर काय छापलंय तेही वाचा. एचसीआर म्हणजे हॅलोजनचा डिपर आणि अपर. डीसीआर म्हणजे गॅस डिस्चार्जचा, अर्थात झेनॉनचा. बाहेरच्या देशातून आलेल्या जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासा. दिव्यासमोर उभं राहून बघा, काचेवर आडवा बाण आहे का. बाण बघणाऱ्याच्या उजवीकडे असेल तर दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा. बाणच नसेल तर उजव्या बाजूच्या वाहतुकीचा. दोन्हीकडे टोकं असतील तर बदलता येणारा. चुकीच्या बाजूचा दिवा असेल तर झोताची ती वर चढणारी कड थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जाते आणि कितीही स्क्रू फिरवला तरी जात नाही.

@दोन_सीटर, तुमची काच खरी काच असेल. प्लास्टिकची असलेल्यांसाठी: पिवळेपणा पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर उन्हाने गेल्यामुळे येतो. टूथपेस्टने घासली की चमकते, पण थर परत येत नाही, म्हणून थोड्याच काळात पुन्हा पिवळी पडते. ८०० पासून ३००० पर्यंतच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासून वर अतिनील किरण अडवणारा क्लिअरकोट मारला तरच काम टिकतं.

तिसरा_गिअर

माझी गाडी नवी आहे, कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट. मीही स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतली आणि त्यानंतर डिपर फार वर जातोय. म्हणजे दोन_सीटर यांच्या अगदी उलट! समोरचे सारखे अपर मारून दाखवतात. इथे भिंतीची पद्धत चालेल का?

उभी_रेघ

तुमच्याकडे दिव्याची उंची गाडी स्वतः साधते. सस्पेन्शनच्या आर्मला एक छोटी दांडी असते, तिच्या दुसऱ्या टोकाला सेन्सर. मागे सामान भरलं, मागची बाजू दबली, की सेन्सर सांगतो नाक वर गेलं आणि मोटर झोत खाली आणते. पुढचं नाक दबलं तर झोत वर आणते. गाडी कायमची खाली घेतली की सेन्सरला ती कायम दबलेलीच दिसते. सेन्सर एकाच आसावर असेल तर तो फसतोच, कारण दुसरा आस किती खाली गेला ते त्याला कळत नाही.

इथे नुसता स्क्रू फिरवलात तर भिंतीवर रेघ जुळेल, पण मोटर तिच्या मर्यादेच्या एका टोकाला जाऊन बसेल आणि सामान भरल्यावर तिला हलायला जागा उरणार नाही. आधी सेन्सरच्या दांडीची लांबी जुळवून घ्या, लांबी बदलता येणाऱ्या दांड्या मिळतात. मग निदान यंत्र जोडून नव्या उंचीला शून्य म्हणून नोंदवा. त्यानंतर भिंत आणि स्क्रू.

दोन_सीटर

अपडेट. आधी उजव्या दिव्याचे बुश बदलले, हलत होता. मग भिंत, पट्ट्या, १० मीटर. स्क्रू लावण्याआधीची कड दिव्याच्या मध्याच्या १७ सेंटिमीटर खाली होती, @उभी_रेघ यांच्या गणिताच्या अगदी जवळ. आता १० वर आणली. फिरून आलो. वळणाच्या आतल्या बाजूचा दगडी कठडा वळणात शिरण्याआधीच दिसतो, त्याच्या फटीत वाढलेलं गवतसुद्धा. बल्ब तेच आहेत.

दोन शंका. डिपरचा फोकस लावल्यावर अपरचा वेगळा लावायचा का? आणि बल्बवर १२.३ व्होल्ट आले, तर रिलेसाठी वायर आणि फ्यूज किती घेऊ?

उभी_रेघ

नाही. एच-४ मध्ये दोन्ही फिलामेंट एकाच बल्बात, एकाच रिफ्लेक्टरसमोर. डिपर बरोबर बसला की अपर आपोआप जागेवर येतो. तो वेडावाकडा दिसला तर बल्ब होल्डरमध्ये नीट बसलेला नाही असं समजा, तिन्ही कान खाचेत आहेत का बघा. हाताळताना बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तिथे काच दुधाळ होते आणि फुटते.

तांबडी_तार

१२.३ म्हणजे रिले नक्की लावा. डिपरसाठी एक, अपरसाठी एक. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर घेतात, तेव्हा प्रत्येक रिलेच्या वाटेवर १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. अर्थिंगलाही तेवढीच जाड वायर, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. बॅटरीची वायर रिलेच्या ३० नंबरला, बल्बची ८७ ला, जुन्या कप्लरची ८५ आणि ८६ ला. जोडण्याआधी एक तपासा: काही गाड्यांत दिव्याचा स्विच अर्थिंगच्या बाजूने जोडतो, तिथे कप्लरची कॉमन पिन सतत पॉझिटिव्ह असते. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभराच्या आत ठेवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर पत्र्याला घासली तर तिला अडवणारं काहीच नसतं.